नामकरणाचं टेबल

महापालिकेच्या नगरसचिव विभागात बरीच वर्षं माझ्याकडे नामकरणाचं टेबल होतं. चौक, रस्ते, बागा, समाजमंदिरं, वाचनालयं, मंडई, शहरात ज्याला ज्याला म्हणून नाव देता येतं त्याचा प्रस्ताव आधी माझ्याकडे यायचा. नगरसेवकांचं पत्र, ज्यांचं नाव द्यायचं त्यांची माहिती, वारसांची संमती, जागा पालिकेचीच आहे असा अभियंत्यांचा अहवाल, आणि तिला आधी दुसरं नाव दिलेलं नाही याचा दाखला. एवढं जुळलं की प्रस्ताव प्रभाग समितीपुढे, तिथून सर्वसाधारण सभेपुढे, आणि ठराव झाला की पाटीची वर्क ऑर्डर. पाटी लागली की फाइल बंद.

सैनिकाच्या नावाची फाइल आली की मी ती गठ्ठ्यात जाऊ देत नसे. माझं माहेर माणगाव तालुक्यातलं. आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. अगदी जवळून मारा होता. तुकडीतले बाकीचे सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि पुन्हा गोळ्या भरायला उसंत नाही म्हटल्यावर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह हाती लागला नाही, म्हणून त्यांचं नाव इटलीत कसिनो इथे, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशांच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. माहेरी गेले की मी तिथे थांबते, आणि आसपासच्या पोराटोरांना विचारते, हे कोण रे? ‘घाडगे, मिलिटरीतले’ इथवर सांगणारे भेटतात. त्या दिवशी काय झालं ते सांगणारा क्वचित. मुलांचा यात काही दोष नाही. पुतळ्याकडे कुणाचं रोजचं काम नसतं. जयंतीला हार पडतो, आणि मग वर्षभर माणसं त्याच्या बाजूने जातात. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने या गावात घाडग्यांच्या नावाने स्मारक झालं, आणि ते आहे सूर्यघड्याळ. ही बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्या मुलखात आपला माणूस पडला तिथल्या लोकांनी त्याचं नाव अशा वस्तूवर घातलं जिच्याकडे माणूस वेळ बघायला जातो. वेळ बघता बघता नाव वाचलं जातं. इतकी वर्षं नामकरणाच्या फायली हाताळून माझं जे मत झालं होतं, ते त्या गावाने दगडात करून दाखवलं.

उलट टोकाचा दगडही मी पाहिलेला आहे. कोकणात आणि देशावर कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेल्या छोट्या संगमरवरी पाट्या अजून भिंतीत आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. कुणाचा मुलगा, कुठल्या आळीचा, काही नाही. शंभर वर्षांनंतर त्या गावातल्या माणसाला त्या आकड्यात आपला पणजोबा आहे की नाही, हे पाटीपुढे उभं राहून कळत नाही. अशा पाटीपुढे मला राग येतो, आणि तो अजून ओसरलेला नाही.

ज्या फाइलीबद्दल लिहायचं आहे ती एका लान्स नाईकची. मराठा लाइट इन्फंट्रीतला, मूळचा साताऱ्याकडचा, वाढलेला आमच्या शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत. नियंत्रण रेषेवर गेला. नाव इथे देत नाही, घरच्यांना ते छापून आलेलं नको आहे. प्रस्तावात मागणी होती की पाण्याच्या टाकीजवळच्या चौकाला ‘अमर शहीद वीर जवान’ अशा उपाध्यांसह त्याचं नाव द्यावं आणि चौकाच्या मधोमध अर्धपुतळा बसवावा. मागणीमागची भावना खोटी नव्हती. त्याला आणलं त्या दिवशी सगळी वस्ती रस्त्यावर होती. भाजीवाल्यांनी गाड्या लावल्या नाहीत, रिक्षावाल्यांनी पैसे न घेता गावाकडून आलेल्या नातलगांची ने-आण केली.

वारसांची संमती टपालाने मागवायची पद्धत होती. मी स्वतः गेले. पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली, आणि त्या खोलीत कॉटखाली त्याची काळी पेटी. फौजेतल्या मुलाच्या घरी ही पत्र्याची पेटी असतेच. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. या पेटीवर हुद्द्याच्या जागी काळ्या रंगाचा एक चौकोनी पट्टा ओढून त्यावर नव्याने लिहिलेलं होतं. खालची जुनी अक्षरं निरखून पाहिलं की अजून कळत होती. शिपायाचा लान्स नाईक झाला तेव्हा शेवटच्या सुट्टीत त्याने इथेच, या खोलीत बसून ते रंगवलं होतं. ब्रश धाकट्या बहिणीचा, चित्रकलेचा.

संमतिपत्र मी पुढे केलं. त्याच्या आईने ते वाचून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

“चौक नगं, ताई.”

“का हो मावशी?”

“चौकात वाढदिसाचं ब्यानर लागत्यात. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं. माझ्या पोराचं नाव त्याच्या मागं जायाचं. मी रोज तितनं जानार, आन् रोज कुनाच्या तरी पायामागं त्याचं नाव बघनार. नगं.”

मी काय बोलणार? जिना चढण्याआधी तोच चौक ओलांडून आले होते. चारही अंगांनी फ्लेक्स होते, आणि जुन्या पाटीची एक कड तेवढी दिसत होती. शहरातल्या निम्म्या चौकांची ही कथा आहे. ठराव आपण सन्मानाने करतो, पाटी लावतो, आणि वर्षाच्या आत तिच्यावर दोऱ्या बांधल्या जातात.

पुतळ्याबद्दल वडिलांनी विचारलं. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जागेची, वाहतुकीची, पोलिसांची कागदपत्रं लागतात, वेळ जातो, हे मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन होते. म्हणाले, “पुतळ्याला रोज पुसायला मानूस लागतो. आम्ही आहोत तवर पुसू.”

मग आईनेच सुचवलं. “स्टॉपला द्या की त्याचं नाव. सुट्टी सपली की ही पेटी घेऊन तितंच हुबा ऱ्हायचा. पैल्या बसनं जायाचा टेशनला. आन् स्टॉपचं नाव कंडक्टर रोज घेतोय. दिसातनं किती येळा घेतोय.”

त्या बाईंनी जे दोन वाक्यांत सांगितलं ते आमच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं. नियमावली विचारते की वास्तू केवढी आहे, मोक्याची आहे का. ती वास्तू लोकांच्या तोंडी दिवसातून किती वेळा येते, हा प्रश्न तिच्यात नाही. मला विचाराल तर तोच पहिला असावा.

ऑफिसात परतले तेव्हा अडचणींना सुरुवात झाली. बसथांबा आमच्या यादीत बसत नव्हता. तो परिवहनचा, त्याचं नाव ठरवायचा अधिकार त्यांचा, आणि त्यांच्याकडे असा प्रस्ताव कधी आलेला नव्हता. पत्राला पत्र, त्याला स्मरणपत्र. मध्येच वस्तीतल्या काही जणांचा आक्षेप आला: सगळे या स्टॉपला ‘टाकी’ म्हणतात, नाव बदललं की पाहुण्यांचा घोळ होईल. आक्षेप घेणारी माणसं वाईट नव्हती, त्यातले दोघे अंत्ययात्रेत खांदा देणारे होते. ज्या जागेला आधी नावच नसतं तिला नाव देणं सोपं असतं. अंदमानातल्या २१ बेटांना २३ जानेवारी २०२३ रोजी परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांची नावं दिली गेली. सर्वांत मोठ्याला पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा यांचं. कारगिलच्या ४८७५ या शिखराला आज ‘बत्रा टॉप’ म्हणतात, ७ जुलै १९९९ रोजी तिथे पडलेल्या कॅप्टन विक्रम बत्रांवरून. तिथे आधी आकडे होते, आकड्यांच्या जागी माणसांची नावं आली, कुणाला काही सोडावं लागलं नाही. वस्तीचं तसं नसतं. इथे प्रत्येक कोपऱ्याला लोकांनी केव्हाच नाव ठेवलेलं असतं आणि त्या नावावर त्यांची माया असते. रस्त्याचं नाव बदलायचं तर आधार, रेशनकार्ड, लाइटबिल, बँकेचं पासबुक सगळ्यावरचा पत्ता आड येतो, आणि हरकतींचा पाऊस पडतो. थांब्याचं तसं नाही. थांब्याच्या नावाने कुणाचा पत्ता बदलत नाही, हे मी वस्तीतल्या बैठकीत सांगितलं तेव्हा निम्मा विरोध गळाला. उरलेला निम्मा आईंनी मोडून काढला. उठून एवढंच म्हणाल्या, “टाकी म्हना की. त्याचं नाव घ्या आन् फुडं टाकी म्हना.” तसंच ठरलं. नावापुढे कंसात ‘पाण्याची टाकी’.

परिवहनच्या ऑफिसात एका साहेबांनी मला कंडक्टरचं तिकीट मशीन हातात देऊन दाखवलं. थांब्याच्या नावाला पडद्यावर ठराविकच अक्षरांची जागा. प्रस्तावातलं नाव त्यांनी जसंच्या तसं टाकून पाहिलं. ‘अमर शहीद वीर ज’ इथे ओळ संपली. सगळ्या उपाध्या आल्या आणि माणूस बाहेर राहिला.

काय गाळायचं यावर बरीच ओढाताण झाली. उपाध्या काढणं म्हणजे अवमान, असं काहींचं म्हणणं. आडनाव तेवढं ठेवा, असं दुसऱ्यांचं. शेवटी सगळे त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जमलो. वडिलांनी बराच वेळ ऐकलं, मग कॉटखालून पेटी ओढली आणि तिच्या झाकणावर बोट ठेवलं. “ह्ये त्यानं सोता लिवलंय. एवढंच लिवा.” लान्स नाईक, नाव, आडनाव. मशीनच्या ओळीत ते बरोबर मावलं.

उपाध्या आपण देतो, आणि मनापासून देतो. पण हुद्दा त्याने स्वतः कमावलेला होता. कॉलेज सोडून भरतीसाठी धावला, बेळगावला ट्रेनिंग केलं, थंडीवाऱ्यात पहारे दिले, आणि हातावर एक फीत चढली. ती फीत गाळून बाकी कितीही शब्द चढवले तरी माझ्या मते तो सन्मान अपुराच राहतो.

लोक पुढे नाव आखडून घेतात याचं अनेकांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. विलेपार्ल्यात पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पुलाला कॅप्टन विनायक गोरे यांचं नाव आहे. १९९५ मध्ये ते काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. त्यांच्या आई अनुराधाताई गोरे यांनी पुढे सैनिकांविषयी पुस्तकं लिहिली, गावोगाव मुलांशी बोलल्या. पार्लेकर त्या पुलाला ‘गोरे ब्रिज’ म्हणून मोकळे होतात. म्हणू देत. रिक्षात बसताना, फोनवर कुणाला वाट सांगताना, उशीर झाल्याचं कारण देताना ते आडनाव तोंडी येतं, आणि एखादा पोरगा कधीतरी विचारतोच, गोरे कोण? तेव्हा उत्तर देणारा कुणी तरी जवळ हवा, नाहीतर उत्तर देणारा दगड.

म्हणून थांब्याच्या शेडमध्ये दगड बसवायचा मी आग्रह धरला. त्याच्या मजकुराचा जो पहिला मसुदा आला त्यात त्याचं नाव एका ओळीत होतं आणि ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या प्रयत्नाने’ मिळून उरलेला सगळा दगड. असे दगड मी कितीतरी मंजूर होताना पाहिले होते. या वेळी टिप्पणीत लिहिलं की कोनशिला वेगळी करावी, ती शेडच्या मागच्या अंगाला बसवावी, आणि दर्शनी दगडावर सैनिकाखेरीज कुणाचंही नाव नसावं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचा दाखला जोडला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुलं झालं तेव्हा त्यावर २५,९४२ नावं होती, एकेका नावाला ग्रॅनाइटची वेगळी पाटी. देशाची राजधानी एकेका शिपायाला स्वतःची पाटी देते, तर आपण एक दगड पूर्ण द्यायला काय हरकत आहे? साहेबांनी टिप्पणीवर सही केली. पुढे काही जण नाराज झाले, पण लेखी हरकत कुणी घेतली नाही.

मजकूर तपासायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्याच्याच पलटणीतले एक निवृत्त सुभेदार आले. मसुद्यात बटालियनचा आकडा चुकला होता आणि ज्या भागात तो पडला त्या जागेचं नावही. सुभेदारांनी दोन्ही दुरुस्त केले आणि ‘शत्रूशी झुंजता झुंजता’ ही ओळ खोडली. त्या रात्री गस्तीतला एक सोबती जखमी होऊन उघड्यावर पडला होता. हा त्याला ओढून आडोशाला आणायला गेला, आणला, आणि परत आपल्या जागेवर जाताना गोळी लागली. सोबती वाचला. “हे लिहा,” सुभेदार म्हणाले. ते लिहिलं. साध्या तीन ओळी. वाचलेला तो सोबती उद्घाटनाला आला होता, बीडकडचा मुलगा. दगडासमोर उभा राहून त्याने त्या ओळी वाचल्या आणि आईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

दगड कोरून घ्यायला मी हायवेलगतच्या फरशीवाल्याकडे गेले होते. आता छिन्नी-हातोड्याने अक्षरं काढणारे कमी राहिले. संगणकावर मजकूर जुळवतात, रबरी स्टिकरवर तो कापून काळ्या ग्रॅनाइटवर चिकटवतात, आणि दाबाच्या हवेने वाळूचा मारा करतात. स्टिकर निघालं की अक्षर खोलगट उतरलेलं असतं, मग त्यात रंग भरतात. अडचण येते ती अनुस्वाराची. कापताना तो बारीक ठिपका निसटला तर दगडावर भलतंच उमटतं. कारागिराने सुईच्या टोकाने ‘इन्फंट्री’वरचा ठिपका जागेवर नीट केला आणि अंगठ्याने दाबून धरला. खोली किती घ्यायची, असं त्याने विचारलं. नेहमीची घेतली तर काही पावसाळ्यांत रंग जातो आणि अक्षर पुसट होतं. मी म्हटलं, रंग गेला तरी बोट फिरवून वाचता आलं पाहिजे. त्याने दुप्पट खोल घेतलं आणि जादा पैसे घेतले नाहीत.

उद्घाटन जसं होतं तसं झालं. मंडप, देशभक्तिपर गाणी, भाषणं.

नंतर मी मुद्दाम त्या मार्गावरून जात राहिले. सुरुवातीला कंडक्टर ‘टाकी’च ओरडायचे. मग ‘लान्स नाईक’ येऊ लागलं, मग नुसतंच ‘लान्स नाईक, लान्स नाईक, उतरून घ्या’. कॉलेजच्या मुली एकमेकींना फोनवर सांगायच्या, लान्स नाईकला भेट. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या नव्या भाडेकरू बाईंनी विचारलं, कोण हो हे? मला सांगायची गरज पडली नाही. पुढच्या सीटवरचा शाळकरी मुलगा मागे वळला आणि त्याने जखमी सोबत्यापासून सगळं सांगितलं. शेडमध्ये बसची वाट बघताना त्याने ते वाचून पाठ केलं होतं.

ठरावाचा मसुदा करताना त्यात मी एक वाक्य घातलं होतं: थांब्याची जागा कोणत्याही कारणाने बदलल्यास हे नाव व हा दगड नव्या जागी नेण्यात यावा आणि त्याचा खर्च संबंधित कामाच्या अंदाजपत्रकात धरावा. शहरात रस्ते रुंद होतात, मेट्रो येते, पूल पडतात आणि उभे राहतात. आणि पाट्या ठेकेदाराच्या गोडाऊनमध्ये जातात. चांगली नावं अशीच हरवलेली मी पाहिली आहेत. आपण नाव देण्याचा समारंभ करतो, पण ते सांभाळण्याची तरतूद करत नाही. दुरुस्तीचं अंदाजपत्रक फुटपाथला असतं, दिव्याला असतं, नावाला नसतं. माझ्या हातात असतं तर प्रत्येक नामकरणाच्या ठरावाबरोबर अशी तरतूद सक्तीची केली असती.

मी निवृत्त झाल्यानंतर तो रस्ता रुंद झालाच. शेड पाडली. वस्तीतल्या मुलांनी दगड काढून गणपती मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवला आणि तात्पुरत्या खांबावर रंगाने हुद्दा, नाव, आडनाव लिहिलं. बस त्या खांबापाशी थांबत राहिली, तिकिटावर तेच नाव येत राहिलं. मग एक दिवस नव्या अभियंत्याचा फोन आला. नवी शेड मंजूर झालीय, पण दगडाचा खर्च कशात धरायचा हे कळत नाही, कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. मी त्याला ठराव क्रमांक सांगितला आणि त्यातलं ते वाक्य वाचायला सांगितलं. त्याने फोन चालू ठेवूनच फाइल मागवली. पानं उलटल्याचा आवाज येत होता. “सापडलं मॅडम,” तो म्हणाला, “अंदाजपत्रकात घेतो.” दगड दर्शनी बाजूलाच बसवा आणि कोनशिला मागे, हे तेवढं मी त्याला पुन्हा सांगितलं. त्याने लिहून घेतलं.